शिट्टीच्या वर आवाज जाणारा टीव्ही

बसवकल्याण,
रविवार, जेवणानंतर

चिरंजीव श्रीहरीपंत यांस भावजींचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. पण ‘आम्ही सगळे’ म्हणजे आता मी एकटाच, तेव्हा इकडे मी आहे एवढंच लिहितो. तिकडे तू, सौ. सुकन्या आणि म्हैस, तिघंही बरे असाल. तुझा गुडघा कसा आहे? सुकन्या मागं म्हणाली होती की तू कसल्या तरी झाडपाल्याचं तेल चोळायलास आणि त्याच्या वासानं म्हैस दूध चोरायलीय. गुडघ्याला गुण येत असेल तर चोळ, पण येत नसेल तर त्या मुक्या जनावराचा तरी विचार कर.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण माझा नंबर दिसला की तू फोन उचलत न्हाईस, हे मला कळत न्हाई असं समजू नकोस. मग सुकन्या उचलते आणि म्हणते, ते आत्ताच रानाकडं गेले. पाऊस असो, अमावस्या असो, ग्रहण असो, माझा फोन आला की तू रानात! एवढं रान आहे तरी का रे तुमच्याकडं? म्हणून हे पत्र. जन्मभर करजगीचं पोस्ट सांभाळलेला माणूस आलेलं पाकीट न फोडता ठेवणार न्हाई, एवढा मला विश्वास आहे. (आधी मनात आलं होतं की तिकीट मुद्दाम कमी लावावं, म्हणजे तुला दंड भरून पत्र सोडवावं लागेल. पण तुझी अक्का रागावली असती, म्हणून पुरतं लावलंय.) आणि घाबरू नकोस, तुझ्याकडं काही मागायचं न्हाई. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे तू पुढचं निवांत वाचशील.

तुझी अक्का, माझी शारदा, गेली त्याला आता दसरा, दिवाळी, संक्रांत, सगळं उलटून गेलं. शेंगा सोलता सोलता भिंतीला टेकली ती टेकलीच. आयुष्यभर कुणाला तसदी दिली न्हाई तशी जातानाही दिली न्हाई. तू सगळे दिवस होतास. आणि तेराव्याला, गोड जेवणाची पानं मांडली असताना, पिशवी उचललीस, मला बसवत न्हाई भावजी म्हणालास आणि कलबुर्गीची बस धरलीस. मी राग धरला न्हाई. आई गेल्यावर तुला तिनंच वाढवलं, परकराच्या वयात तुला कडेवर घेऊन हिंडली. तिच्या तेराव्याचे लाडू तू बसून खायला पाहिजे होतेस असं म्हणायला माझं तोंड न्हाई. पण तुझ्या त्या उठून जाण्यानं एक घोटाळा होऊन बसलाय. तो ओघात येईलच. आधी टीव्हीचं सांगतो.

तुला म्हाईतच आहे, मी आयुष्यभर वर्गात ‘शांत बसा’ म्हणून घसा फोडला. म्हणजे घरी आल्यावर तरी जरा गप्प असावं की न्हाई? पण घरात टीव्ही! सकाळी कीर्तन, दुपारी कुणीतरी बाई वांगी तळायली, आणि दिवेलागणीपासून मालिका, एक मराठी झाली की एक कन्नड. (कन्नड सासू मराठी सासूपेक्षा खाष्ट असते, पण मनानं चांगली असते, असं तुझ्या अक्काचं मत होतं.) आणि गंमत अशी की ती ते पाहायची न्हाई, ऐकायची. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता बाहेरच्या सुनेला सल्ले द्यायची, सांगू नगं गं तिला, सांगू नगं, अय्यो, सांगितलीच की गं! म्हणून आवाज एवढा मोठा ठेवायचा, की कुकरची शिट्टी झाली तरी सासूचा एक शब्द सुटू नये. मी पडद्याकडं पाठ करून पेपर वाचत बसायचो आणि अधूनमधून बंद कर म्हणून ओरडायचो. ते तिला ऐकूच यायचं न्हाई.

आता घर असं गप्प झालंय की भाकरी चावल्याचा आवाज मलाच ऐकू येतो. खोटं कामून बोलू श्रीहरी, घास उतरत न्हाई. ताटावर बसतो, दोन घास घेतो, पाणी पितो आणि उठतो. मुडबीचा काशाप्पा (माझा जुना विद्यार्थी, पाढे कधी आले न्हाईत पण माणूस सोन्याचा) यंदाची ज्वारी घालून गेला, त्या पोत्याचं तोंड अजून सोडलं न्हाई. सदरे सगळे ढिले झालेत. तुझा भाचा प्रणेश बेंगळूरला या म्हणतो. जाऊन आलो. तिथं दोघं नवराबायको कामाला गेले की ते घर ह्या घराहून गप्प. इथं निदान कावळा तरी ओळखीचा आहे.

मग एक दिवस डोक्यात आलं की टीव्हीच लावून जेवावं. जुना टीव्ही तिच्या सुतकाच्या दिवसांत बंद केला होता तो तसाच होता, त्यावर तिनं विणलेलं क्रोशाचं झाकणही तसंच. बटण दाबलं, काही न्हाई. चार थापा मारल्या, काही न्हाई. महांतेशला बोलावलं, तो रेडिओ-टीव्हीवाला, चौकातला. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली, आणि मला जवळ बोलावून दाखवलं. पालीनं आत अंडी घातली होती. म्हणाला, गुरुजी, हा आता टीव्ही न्हाई, पालीचं माहेर झालंय. ह्याचा सामान कुठंच मिळत न्हाई, हैदराबादला पण न्हाई. आणि झाकण लावून, पैसे न घेता गेला. (पैसे घेतले न्हाईत म्हणजे खरंच मेलाय, हे मी ओळखलं.)

तेव्हा नवा घेणं आलं. पेन्शनवाल्या माणसानं बजेट ठरवल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. मी ठरवलं, दुकानातला सगळ्यांत स्वस्त, पण सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. प्रणेशनं फोनवरून फोर-के, स्मार्ट, अमुक तमुक असं बरंच सांगितलं. मी म्हटलं, बाबा, एक के असला तरी पुरे, ऐकू आलं म्हणजे झालं. शेवटी तो हात टेकून म्हणाला, अप्पा, निदान एचडी तरी घ्या, चित्र स्वच्छ दिसतं. मी म्हटलं, मला कुठं बघायचंय?

इथल्या एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट. तिथं गुरुबसव नावाचा एक गळ्यात टाय बांधलेला मुलगा होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळ्यांत स्वस्त एचडी टीव्ही चालू केला. मी खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडं पाठ करून बसलो. त्याला वाटलं माझं चुकलं. त्यानं अगदी आदरानं खुर्ची पुन्हा सरळ केली. मी पुन्हा फिरवली. असं दोनदा झाल्यावर मी डोळेच मिटून घेतले, म्हणजे भानगड न्हाई. तर त्या पोराचा आवाज एकदम मऊ झाला. माझ्या हाताला धरून म्हणतो, अज्जा, दिसत न्हाई काय तुमाला? रेडिओ दाखवू काय? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, अरे तुझ्या टायची गाठ उलटी बांधलेली पण दिसायलीय मला! मला आवाज ऐकायचाय, तू तुझा पोपट तुझ्याजवळ ठेव.

आता आवाजाचं ऐक. हे नवे टीव्ही इतके पातळ असतात की आवाजाला आत बसायला जागाच न्हाई. तोंडही मागच्या बाजूला. म्हणजे टीव्ही बोलतो ते भिंतीशी, आणि भिंत काय सांगेल ते आपण ऐकायचं. मी म्हटलं वाढव. त्यानं वाढवला. मी उठून दुकानाच्या मागच्या बाजूला गेलो, धुण्याच्या मशीनींच्या पलीकडं, जिथं आमचं स्वयंपाकघर साधारण येईल तिथं, आणि तिथून ओरडलो, आता बातम्या लाव. बातम्या आल्या, पण नुसती गुणगुण. दुसरा लावला, तिसरा लावला, मी तिथूनच हातानं न्हाई-न्हाई करायलो. गिऱ्हाइकं जमली. एक बाई मला म्हणाल्या, काका, मशीन दाखवा की जरा, ही किती किलोची आहे? त्यांना मी दुकानातलाच वाटलो. (मी पण सांगून टाकलं, सहा किलो. मागून कळलं ती भांडी धुवायची होती.)

त्यातला एक जरा बरा वाटला. पण माझ्यातला मास्तर काही सुटत न्हाई, परीक्षा घेतल्याशिवाय पास कसा करणार? दुकानात कुकर होते, शेगडीही होती, ती विजेची, नमुन्याला मांडलेली. मी म्हटलं, कुकरमध्ये पाणी घाल आणि शिट्टी काढून दाखव. शिट्टीच्या वर आवाज गेला तरच घेतो. गुरुबसव माझ्याकडं बघतच राहिला. पण चांगलं पोर रे, चढवला त्यानं कुकर. टीव्ही पूर्ण आवाजात, मी मशीनींच्या पलीकडं कान देऊन उभा, आणि सगळं दुकान कुकरकडं बघायलंय. झाली शिट्टी. टीव्ही पार गडप. दुसरी झाली, पुन्हा तेच. तेवढ्यात वरून मालक उतरले, त्यांना वाटलं खाली कुणी भात शिजवायलंय. सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, साब, तुमना टीव्ही होना की भोंगा होना? लोक हसले. मी पण हसलो. मग गुरुबसवनं अगदी सरळ मनानं विचारलं. त्यात खवचटपणा काही नव्हता. म्हणाला, अज्जा, आत किचनमध्ये कोण असतात ऐकायला?

श्रीहरी, मी सांगायला तोंड उघडलं. तिसरी शिट्टी झाली. मी तिथं धुण्याच्या मशीनीला धरून उभा, आणि पहिल्यांदाच माझ्या टाळक्यात उजेड पडला की मी बाहेर बसणारा माणूस, मला तर हा टीव्ही हळू केला तरी ऐकू येतो. मी हे सगळं आत ऐकू जावं म्हणून करायलोय. आणि आत कुणी न्हाई. मी म्हटलं, कोणी न्हाई बाबा. तर त्या पोरानं जाऊन कुकर बंद केला. मग मी समोर जो टीव्ही चालू होता त्याच्याकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, हाच दे. तो सगळ्यांत स्वस्त नव्हता, हे बिल हातात आल्यावर कळलं. बजेट तिथंच संपलं म्हण. जुना टीव्ही दिला तर काही सूट मिळत होती, ती मी आनंदानं कबूल केली. पण दुसऱ्या दिवशी गडी तो उचलायला आला, त्यानं क्रोशाचं झाकण काढून बाजूला टाकलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, राहू दे. सूट गेली. आता घरात दोन टीव्ही आहेत, एक मेलेला आणि एक मुका.

मुका कामून, ते ऐक. हाच तो घोटाळा. नवा टीव्ही भिंतीवर चढला, तारा जोडल्या, गड्यानं रिमोट माझ्या हातात दिला. तेवढ्यात समोरच्या घरातली राजूबाई (तुझ्या अक्काची जिवाभावाची मैत्रीण, तेराव्याला तुझ्या मागं बसस्टँडपर्यंत धावली होती ती) पदर खोचून दारात उभी. म्हणाली, गुरुजी, हात लावू नगा. माहेरच्या माणसानं टोपी-उपरणं घातल्याबिगर दुखवटा उठत न्हाई, आणि दुखवटा उठल्याबिगर घरात गाणं-वाजाप न्हाई. मी विचारलं, हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय? तर म्हणाली, माझ्या सासूला म्हाईत होतं. ह्याच्यावर अपील न्हाई. तिच्या हिशेबानं तू तेराव्याला मला टोपी न घालता उठून गेलास म्हणून माझं घर अजून तेराव्यातच अडकलंय. दिवाळीला दार कोरडं, संक्रांतीला तीळ न्हाई, सगळं त्यानंच, असं ती आता गल्लीभर सांगायलीय. गल्लीत तुझं नाव फार वाईट झालंय रे. भाजीवालीसुद्धा विचारते, आला का तो भाऊ?

तुला वाटेल मी चिडलो असेन. मी, ज्यानं विज्ञानाच्या तासाला ग्रहणात पोरांना भजी खायला घातली! पण न्हाई चिडलो. रिमोट कोनाड्यात ठेवला आणि म्हटलं, राजूबाई, बरोबर आहे तुमचं. का म्हटलं ते माझं मलाच कळलं न्हाई. तेव्हापासून ती काळी काच भिंतीवर आहे. जेवायला बसलं की तिच्यात एक म्हातारा समोर जेवायला बसतो, एकटाच, आणि तोही दोन घासांत उठतो. प्रणेश म्हणाला होता तसं चित्र मात्र स्वच्छ आहे.

असो. तू ये असं मी म्हणत न्हाई, हे नीट ध्यानात घे. ऊन फार आहे, कलबुर्गीला गाडी बदलावी लागते, तुझा गुडघा तसला. टोपी काय, बाजारात ढिगानं मिळते. आणून माझी मीच घालून घेईन आणि राजूबाईला सांगेन की पार्सलनं आली. तू तुझं रान सांभाळ. सौ. सुकन्येस आशीर्वाद सांग. तिला म्हणावं फोनवर खोटं बोलताना आधी घसा साफ करू नये, ऐकणाऱ्याला कळतं.

तुझा भावजी,
अच्युतराव

ता. क. शेंगाचटणीत लसूण तुझी अक्का कच्चा घालायची की भाजून, हे सुकन्येला विचारून कळव. मी दोन्ही करून पाहिलं. दोन्ही तिची न्हाई झाली.

आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलंय. तुझ्यासारख्या पोस्टमास्तरला कडा बघून ते कळणारच, म्हणून सांगून टाकतो. वर लिहिलंय ते सगळंच काही खरं न्हाई. टीव्ही मी लावून पाहिलाय. राजूबाई तिच्या लेकीकडं चिंताकीला गेली होती त्या दुपारी, खिडक्या लावून, आवाज होता न्हवता तेवढा सोडून. कुणीतरी सून कुणाला तरी काहीतरी सांगायली होती. आवाज सगळ्या घरात गेला, न्हाणीत गेला, परड्यात गेला. मी पेपर घेऊन बसलो. आणि सवयीनं मोठ्यानं ओरडलो, बंद कर गं ते! मग आतून कुणी काही म्हणतं का बघत बसलो. मालिका संपली तरी बसलो. मग उठून मीच बंद केला, आणि फार रडलो श्रीहरी. हे प्रणेशला कळवू नकोस.

शेवटचं, आणि हेच लिहायला मी दुपारपासून बसलोय. बाराव्याच्या दिवशी तू स्वयंपाकघरात आचाऱ्याला सांगायलास, मीठ बेतानं गा अण्णा, बेतानं. मी बाहेर बसलो होतो. मला वाटलं, शारदाच बोलायली. तेच करजगीचं लांबवून बोलणं, तसंच शेवटी वर चढणारं. मी उठून उभा राहिलो होतो. तुला कुणी कधी सांगितलं नसेल, पण तू बोलतोस ते तिचंच. तुला तिनंच बोलायला शिकवलं, दुसरं कुणाचं असणार? तो आवाज आता फक्त तुझ्या गळ्यात उरलाय, आणि तू माझा फोन उचलत न्हाईस. ये रे बाबा. टोपी न्हाई आणलीस तरी चालेल. तुला इथं रडू येतं ते मला ठाऊक आहे. येऊ दे. स्वयंपाकघरात बस आणि रड, पण मोठ्यानं रड, मला बाहेर ऐकू येईल असं.